निजामभाईंचा ट्रेसर

आमच्या गायन पार्टीची मशीन निजामभाईंनी बांधलेली होती. अँप्लिफायरला आमच्याकडं मशीनच म्हणतात. सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी देवणी भागात शाळेवर नवा लागलो होतो. जयंतीच्या कार्यक्रमाला साउंड मागायला गेलं की तिथला साउंडवाला ऐनवेळी नाही म्हणायचा. कधी त्याचं बुकिंग असायचं, कधी मशीन बिघडलेली असायची. आमच्याच दिवशी ती बरोबर कशी बिघडते, हे त्यालाही कळत होतं आणि आम्हालाही. शेवटी आम्ही चौघं एसटीनं लातूरला गेलो आणि विचारत विचारत गंजगोलाईच्या मागच्या बोळात निजामोद्दीन यांच्या दुकानी पोचलो.

दुकान म्हणजे रस्त्यावरची एक अरुंद खोली. तिच्या मागं त्यांचं घर आणि मधे एक पडदा. तेव्हा ते पस्तिशीचे असतील. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, गाणारे किती, ढोलकी किती लांब बसते, बायका गातात का. गातात म्हटल्यावर म्हणाले की मग आवाज वरच्या पट्टीत साफ पाहिजे, बाजारची मशीन त्याला चालायची नाही. महिन्याभरात त्यांनी पत्र्याच्या पेटीत मशीन बांधून दिली. पुढं माझं लग्न झालं. महामाया, माझी बायको, पार्टीत मुख्य आवाज झाली. तिचा आवाज त्या मशीनमधून दोन-दोन गल्ल्या पलीकडं स्वच्छ ऐकू जायचा.

मशीन कधी बिघडली तर मी रविवारी ती लातूरला घेऊन जायचो आणि दिवसभर त्यांच्याजवळ बसायचो. त्यांची बिघाड शोधायची रीत वेगळी होती. मीटर होतं, पण ते फारसं उचलायचे नाहीत. मशीन चालू करून स्पीकर लावायचे आणि एकेका ट्रान्झिस्टरच्या पायाला बोट लावायचे. बोट लावलं की स्पीकरमधून गुणगुण यायची. शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करून बोट मागं मागं सरकवत न्यायचे. जिथं गुणगुण तुटली तिथं बिघाड. कंडेन्सर सुकलाय की जोड सुटलाय, हे ते त्या गुणगुणीच्या जातीवरून सांगायचे. डोळे मिटून मान कलती करून ऐकायचे. त्यांची बायको चांदबी पडद्याआडून चहा सरकवायची. तो गार होऊन जायचा.

चार वर्षांपूर्वी मशीन चरचरायला लागली म्हणून मी ती त्यांच्याकडं टाकली. आठवड्यानं आणायला गेलो. त्यांनी मोबाईलवरचं गाणं तिच्यात लावलं, आवाज वाढवत नेला आणि विचारलं, “कैसा हाय, गुरुजी?”

आवाज वर गेला की नवं कापड फाडल्यासारखा फाटत होता. मागं एक बारीक शीळ सारखी चालू होती. मला आधी वाटलं, काम अजून बाकी आहे आणि तेच ते मला दाखवून राहिलेत. मग मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटलेले नव्हते. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. वर्गात एखादं लेकरू गणित सोडवून आणतं आणि पाटीकडं न बघता मास्तराच्या तोंडाकडं बघतं, तसं.

मी म्हणालो, “एक नंबर.”

त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी मशीन फडक्यानं पुसली, स्क्रू पिळले आणि रिक्षापर्यंत स्वतः उचलून आणली.

घरी तालमीला महामायानं पहिली ओळ म्हटली आणि थांबली. हे तुम्ही ऐकून आणलंत का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, घाईत होतो. ती म्हणाली की उद्याच परत न्या. मी नेली नाही. पंधरा दिवस काहीतरी कारणं सांगितली आणि मग नांदेडला एका कामानं जायचं होतं तेव्हा मशीन सोबत घेतली. तिथं बालाजी नावाचा एक जण साउंडचं काम करायचा. त्यानं झाकण उघडलं, आतली जुनी जोडणी बघून हसला, पुढचा सगळा भाग काढून टाकला आणि तयार मिळणारा हिरवा बोर्ड बसवला. अर्धा तास लागला. आवाज चांगला आला. निजामभाईंच्या हातचा नव्हता, पण चांगला होता.

त्यानंतर दोन वर्षं मी लातूरला गेलो की निजामभाईंकडं डोकावायचो आणि मशीन मस्त चाललीय म्हणून सांगायचो. त्यांच्याकडं कामं कमी होत चालली होती. ते म्हणायचे की आता लोक दुरुस्ती करत नाहीत, तयार बोर्ड टाकतात. ते खरंही होतं. पण मला नंतर कळलं की मशिदीच्या कर्ण्याची मशीन, भजनी मंडळाची मशीन, एका डाळमिलच्या ऑफिसातली मशीन, या सगळ्या अशाच परत गेल्या होत्या. प्रत्येकानं त्यांच्यासमोर बरं म्हटलं आणि मागच्या मागं दुसरा कारागीर गाठला. कुणी कुणाशी बोललेलं नव्हतं. ज्याला त्याला वाटत होतं, ही एवढी एक गोष्ट आपण सांभाळून घेतली.

मुदखेडला नव्या विहाराचं उद्घाटन होतं आणि आमच्या पार्टीचा कार्यक्रम ठरला होता. जानेवारीतली सकाळ. निजामभाईंची मुलगी उजमा मुदखेडलाच दिलेली आहे. तिच्याकडं ते आणि चांदबी आठ दिवस राहायला आले होते. माझं नाव पत्रिकेत वाचून ते कार्यक्रमाला आले आणि मंडपात मागच्या खुर्चीवर बसले. मी त्यांना पाहिलंच नाही.

बाराच्या सुमाराला महामाया गात असताना मशीन बंद पडली. मंडप एकदम गप्प झाला. मी खाली वाकून वायरी चाचपत होतो, तेवढ्यात ते माणसांमधून वाट काढत पुढं आले. हसत होते. मला बाजूला सारून खिशातला पेचकस काढला, बाजूच्या बाईंना म्हणाले की ही माझ्या हातची मशीन हाय, दोन मिनिटांत बोलंल. आणि झाकण उचललं.

मग बोटानं त्या हिरव्या बोर्डाची कड चाचपली. करंट येणारी एक वायर सुटली होती. ती त्यांनी पिळून जागेवर बसवली. मशीन सुरू झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, महामायानं गाणं पुन्हा धरलं. ते स्टेजच्या मागं गेले आणि मी त्यांच्यामागं गेलो.

“कब से?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, दोन वर्षं झाली.

“आवाज खराब व्हता?”

“हाव.”

“तुमी ऐकला व्हता? माझ्या दुकानात?”

मी होकाराची मान हलवली. ते वळून चालायला लागले. कार्यक्रम संपेपर्यंत थांबले नाहीत. जेवणही तसंच राहिलं.

दोन दिवसांनी उजमानं त्यांना नांदेडला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांना एका काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटन दाबा असं सांगितलं. उजमा बाहेरून बघत होती. नंतर तिनं मला फोनवर सांगितलं, “अब्बा बटन दाबतच नव्हते. मला वाटलं मशीन सुरू व्हायचीय अजून.” डॉक्टर म्हणाले की वर्षानुवर्षं भोंग्यासमोर बसून कानाच्या नसा गेल्यात. बारीक आवाज पंधरा वर्षांपासून येत नसावेत, आता मोठेही चाललेत. कानाला लावायचं यंत्र मिळालं. त्यातून माणसाचं बोलणं थोडं कळायचं, पण मशीनचा आवाज त्यातून पत्र्यासारखा यायचा, चांगलाही आणि वाईटही. महिनाभर वापरून त्यांनी ते डबीत ठेवून दिलं.

मी माफी मागायला गेलो. मनात वाक्यं जुळवून गेलो होतो. ते दुकानात पत्र्याचा एक डबा घेऊन त्याला भोकं पाडत बसले होते. मला बघून स्टूल पुढं सरकवलं. मी बोलायला लागलो तर हातानं थांबवलं आणि डबा दाखवला.

तो सिग्नल ट्रेसर होता. जन्मात कधी केला नव्हता, म्हणाले, आपल्याला गरजच पडली नव्हती. आत एक छोटी आयसी, नऊ व्होल्टची बॅटरी, एक स्पीकर आणि आवाज कमी-जास्त करायचं बटन. डब्यातून दोन वायरी निघत होत्या. काळी डब्याच्या पत्र्यालाच जोडलेली, तिच्या टोकाला चिमटा, तो मशीनच्या अर्थिंगला लावायचा. लाल वायरीच्या टोकाला बॉलपेनच्या रिकाम्या नळीत बसवलेली सुई, आणि सुईच्या मागं एक कंडेन्सर, म्हणजे मशीनमधला करंट अडतो आणि फक्त आवाज पुढं येतो. मशीनच्या तोंडाशी एखादं गाणं सोडायचं आणि सुई टप्प्याटप्प्यानं टेकवत जायचं. जिथपर्यंत गाणं डब्यात वाजतंय तिथपर्यंत सगळं ठीक. जिथं थांबलं, तिथं उघडून बघायचं. नव्यानं शिकणारे हे पहिल्या महिन्यात करतात. ते एकसष्टाव्या वर्षी करत होते.

आधी त्यांनी डब्याला मोठा स्पीकर जोडला, आपल्याला ऐकू यावं म्हणून. बोळातले लोक तक्रार घेऊन आले, आणि तरी त्यांना जे ऐकायचं होतं ते ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी स्पीकर काढला आणि दहा बारीक दिव्यांची पट्टी लावली. आवाज जेवढा मोठा, तेवढे दिवे जास्त. ती पट्टी लांब वायरीवर घेऊन आपल्या डोळ्यांसमोर भिंतीला ठोकली. पुढच्या रविवारी गेलो तर बंद पडलेल्या तीन मशीन त्यांनी बोलत्या केल्या होत्या. सुई टेकवायची, भिंतीकडं बघायचं. सहा दिवे, सात दिवे, सात, मग अंधार. “ये देखो,” ते म्हणाले, आणि अंधाराच्या जागचा ट्रान्झिस्टर उपटून माझ्या हातावर ठेवला. कितीतरी दिवसांनी ते हसले.

पण बंद पडलेली मशीन शोधणं सोपं असतं. फाटका आवाज दिव्यांना कळत नव्हता. फाटकं गाणं वाजलं तरी सात दिवे, साफ वाजलं तरी सात दिवे. आवाज किती हे ते सांगायचे, कसा ते नाही. एका शाळेची मशीन त्यांनी अशीच परत दिली, आणि शाळेच्या शिपायानं ती दुसऱ्या दिवशी आणून टेबलावर ठेवली. आता लोक तोंडावर बोलायला लागले होते. ते दोन दिवस त्या मशीनसमोर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी चांदबी पडदा सारून दुकानात आली, जी लग्नानंतर छत्तीस वर्षांत गिऱ्हाईक असताना कधी आली नव्हती, आणि तिनं डब्याला हेडफोन लावायला जागा करा म्हणून सांगितलं. ऐकायचंच हाय ना, ती म्हणाली, मग मी ऐकते.

ते काही महिने मी विसरू शकत नाही. ती त्यांच्या मागं लोखंडी खुर्चीवर बसायची. डबा तिच्याजवळच्या स्टुलावर असायचा, कारण आवाजाचं बटन तिलाच फिरवावं लागायचं. निजामभाई समोर मशीनवर वाकून सुई टेकवायचे, मग मागं वळून तिच्या तोंडाकडं बघायचे. तिला कंडेन्सर माहीत नव्हता की ट्रान्झिस्टर माहीत नव्हता. ती आपल्या भाषेत सांगायची. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं. रांजणात डास अडकल्यासारखं. सर्दी झालेली बाई बोलतेय. ताटलीला चीर गेलीय. ते त्या जागचा पार्ट बदलून बघायचे, ती पुन्हा ऐकायची, आणि जुळलं की ते वहीत उर्दूतून लिहून ठेवायचे: तव्यावरचं पाणी म्हणजे सुकलेला कंडेन्सर, चिरलेली ताटली म्हणजे शेवटच्या जोडीतला एक ट्रान्झिस्टर गेलाय. शाळेची मशीन दुरुस्त झाली. मशिदीची परत आली. मी महामायाला एकदा सोबत नेलं. ती आणि चांदबी तासभर एकाच हेडफोनची एकेक बाजू कानाला लावून बसल्या होत्या आणि हसत होत्या. महामाया घरी येताना बसमध्ये म्हणाली की भाभीचा कान माझ्यापेक्षा चांगला हाय.

तेव्हा मला वाटायला लागलं होतं की मी जे केलं त्याचं शेवटी बरंच झालं.

दिवाळीनंतरचा रविवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील. कुणीतरी नवीन पद्धतीची छोटी मशीन आणून टाकली होती. जुन्या मशीनला जड ट्रान्सफॉर्मर असतो आणि घरातला करंट त्याच्या पलीकडं येत नाही. या नव्या मशीनमध्ये तो नसतो. तिच्या अर्ध्या भागात भिंतीतला करंट सरळ खेळत असतो, आणि कुठून कुठपर्यंत ते वरून दिसत नाही. निजामभाईंना हे ऐकून माहीत होतं. पण तशी मशीन त्यांनी फार उघडली नव्हती, आणि जन्मभराच्या सवयीनं काळा चिमटा पेटीतल्या मोठ्या पत्र्याला लावायचा, तसा त्यांनी लावला. तो पत्रा चुकीच्या अर्ध्या भागातला होता.

मी कोपऱ्यावरच्या गाड्यावर चहा सांगायला गेलो होतो. चहावाला गाळणी झटकत होता. तेवढ्यात बोळातून बाईची किंकाळी आली, आणि मग एक हाक. चहावाल्यानं हात थांबवला. समोरचा शिलाईवाला उठून उभा राहिला. मी पळालो.

दुकानात निजामभाई मशीनवर वाकलेले होते. त्यांची पाठ दाराकडं होती. भिंतीवरचे दहाच्या दहा दिवे लागले होते आणि ते सुई हातात धरून त्यांच्याकडं बघत होते, खूश होऊन. इतका जोरदार सिग्नल त्या मशीनमधून येईल असं त्यांना वाटलं नसावं. त्यांच्या मागं तीन हातांवर चांदबी खुर्चीतून अर्धी खाली सरकली होती. तिचा उजवा हात त्या पत्र्याच्या डब्याला चिकटला होता आणि सगळं अंग थरथरत होतं. फरशी नुकतीच पुसलेली होती. ती अनवाणी होती.

मी भिंतीतली पिन उपटली. दिवे गेले. दिवे गेले म्हणून ते मागं वळले.

ती वाचली. डॉक्टर म्हणाले की अजून थोडा वेळ गेला असता तर वाचली नसती. अंगठा आणि पहिलं बोट आतून जळालं होतं. बोट दुसऱ्या आठवड्यात अर्ध्यातून काढावं लागलं, अंगठा राहिला पण वळेनासा झाला. ती रजया शिवायची, बारीक टाक्याच्या. ते बंद झालं. दवाखान्यात जो येईल त्याला ती सांगायची की माझीच चूक हाय, मी ओल्या पायानं बसले. त्यांना तर ती हातवारे करून सांगायची की काही दुखत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन गेलो होतो. वॉर्डाबाहेरच्या बाकावर ते बसले होते. मला त्यांनी आपल्या समोर उभं केलं, तोंड नीट दिसेल असं.

“गुरुजी, तिनं आवाज दिला व्हता?”

ते बघत होते. आता खोटं बोललो असतो तर कदाचित त्यांनी मानलंही असतं. करंट बसला की माणसाची दातखीळ बसते हे त्यांना माहीत होतं, तेवढ्या आधारावर ते उरलेले दिवस काढू शकले असते. पण मी एकदा त्यांच्या तोंडावर खोटं बोललो होतो आणि त्यातूनच सगळं इथवर आलं होतं. त्या दिवशी दुकानात आवाज फाटतोय म्हटलं असतं, तर तेव्हाच कान तपासले गेले असते, दुकान तेव्हाच बंद झालं असतं, आणि चांदबी कधी पडदा सारून बाहेर आली नसती. आता खरं बोलायचं, असं मी ठरवलेलं होतं.

“हाव,” मी म्हणालो. “चहाच्या गाड्यापर्यंत आला.”

“काय म्हणाली?”

“तुमचं नाव घेतलं.”

चांदबी त्यांना उजमाचे अब्बा म्हणायची. त्याआधी, उजमा व्हायच्या आधी, ऐकलं का एवढंच म्हणायची. नवऱ्याचं नाव तिनं छत्तीस वर्षांत कधी तोंडातून काढलं नव्हतं, अगदी रेशनच्या रांगेतसुद्धा कार्ड पुढं करायची. त्या दिवशी तिनं ते सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं घेतलं होतं.

ते बाकावर बसून राहिले. हातातला डबा मी त्यांच्या शेजारी ठेवला. मग दोन्ही हात वर नेऊन त्यांनी कान धरले, शाळेत आम्ही पोरांना धरायला लावतो तसे, आणि धरूनच राहिले. येणारे-जाणारे बघत होते. मी त्यांचे हात खाली घ्यायचा प्रयत्न केला, पण ते घट्ट धरलेले होते. शेवटी उजमा आतून आली आणि तिनं ते सोडवले.

खरं बोलल्यानं काही बरं झालं नाही. माझंही नाही. खोटं बोललो तेव्हा निदान एक मिनिट त्यांचा चेहरा सैल झाला होता.

दुकान पुढच्या महिन्यात गेलं. मी मदतीला गेलो तर सगळं आधीच आवरलेलं होतं. ट्रान्झिस्टरच्या डब्या, तांब्याची वेटोळी, जुने भोंगे, सगळं भंगारवाल्याच्या पोत्यात. ट्रेसर त्यांनी कसा मोडला ते मला माहीत नाही. उजमा म्हणाली, अब्बांनी तो पायानं दाबून सपाट केला आणि मग बराच वेळ त्यावर उभे राहिले. वही मात्र चांदबीनं मागून घेतली. तिला उर्दू वाचता येत नाही.

आता ते दोघं मुदखेडला उजमाकडं असतात. गेल्या महिन्यात मी भेटायला गेलो. जेवायला वाढलं तेव्हा चांदबी भाकरी मोडायला गेली आणि ती तिच्या हातातून निसटली. निजामभाईंनी ती आपल्याकडं ओढली, तिचे घासाएवढे तुकडे केले आणि तिच्या ताटात ठेवले. हे रोजचंच असावं. त्यांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कुणी त्यांच्याकडं बघून बोललं तर ते हसून मान हलवतात आणि कळलं की नाही ते समजत नाही. पार्टी कशी चाललीय, मशीन कशी आहे, असं त्यांनी मला विचारलं नाही. पूर्वी मी दारात दिसलो की पहिलं तेच विचारायचे.

उन्हं उतरल्यावर ते मला स्टेशनपर्यंत सोडायला आले. रस्त्यानं ते माझ्या पुढं पुढं चालत होते, मागून येणाऱ्या गाड्यांना न बिचकता, आणि मीच त्यांना दोनदा कडेला ओढलं. प्लॅटफॉर्मवर नांदेडकडं जाणाऱ्या गाडीची घोषणा झाली. भोंगा आमच्या डोक्यावरच होता आणि त्याचा आवाज फाटका होता. त्यांनी मान वर केली नाही. गाडीला वेळ होता. आम्ही शेजारी शेजारी बाकावर बसलो. मी त्यांच्याकडं न बघता, समोरच्या रुळांकडं बघत, जुळवून आणलेली ती वाक्यं पहिल्यांदा म्हटली, जी त्यांनी दुकानात मला म्हणू दिली नव्हती. सगळी म्हटली. काहीच राहू दिलं नाही.

माझे ओठ हलत होते हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं असावं. त्यांनी माझ्या गुडघ्याला हात लावला.

“क्या बोले, गुरुजी?”

मी त्यांच्याकडं तोंड केलं आणि म्हणालो, काही न्हाई, गाडी आली बघा.

गाडी खरंच आली होती. मी चढलो. ते खिडकीशी आले आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले की वहिनींना सलाम सांगा. डब्यातली माणसं वळून बघायला लागली. मी मान हलवली, दोनदा, म्हणजे त्यांना दिसेल.